शुक्रवारचा आनंदाचा तास

रविवार, संध्याकाळ

चि. ठमाबाई, मोठ्या शाळेच्या मोठ्या बाई, हिला आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तर आधी आल्या त्या तुझ्या चित्रकलेच्या बाई. मला वाटलं विमा विकणाऱ्या कोणी आहेत, म्हणून मी दारातूनच सांगितलं की घरात कोणी नाही. त्यांनी हळूच विचारलं की मग तुम्ही कोण. तेवढ्यात मागून गणिताच्या बाई आल्या, एक चप्पल पायात, एक हातात, अंगठा तुटलेला. त्यांनी तू दिलेली गुडघ्याच्या तेलाची बाटली पुढे केली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मग मी दोघींना असं काही आत ओढलं की शेजारीण बघायला आली.

इकडे प्रशिक्षण होतं म्हणे त्यांचं. शिक्षकांनी उत्साही कसं राहायचं ते शिकवत होते. खुर्च्या इतक्या कडक की पाठ धरली, असं चित्रकलेच्या बाई म्हणाल्या.

तेल चांगलं आहे. वास उग्र आहे, मांजर माझ्याजवळ फिरकत नाही, पण ती तशीही मतलबीच. तेलाऐवजी तू आली असतीस तर गुडघ्यांना जास्त बरं वाटलं असतं. हे आपलं जाता जाता.

जेवताना दोघी तुझं कौतुक करत होत्या. कोणी आजारी पडलं की तू त्यांचा वर्ग घेतेस, शिक्षकांच्या खोलीत चहाची सोय केलीस, प्रत्येकाला चार चांगले शब्द लिहून देतेस. मी म्हटलं, मग तोंडं अशी पिळून वाळत घातल्यासारखी का? दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मी आणखी वाढलं आणि गप्प बसले. तुझ्या आजोबांच्या पोटातलं मी असंच काढून घ्यायची.

मग गणिताच्या बाई बोलल्या. तू शुक्रवारी शाळा सुटल्यावर आनंदाचा तास घेतेस. गोल खुर्च्या, गाणी, खेळ, आठवड्यातली एक चांगली गोष्ट प्रत्येकाने सांगायची. आणि फाटकासमोरची बस घंटा झाल्या झाल्या सुटते. पुढची दिवेलागणीनंतर. बाकीचे दिवस जादा तास असतात, तेव्हा शुक्रवारी तेवढ्या त्या उजेडी घरी पोचायच्या. आता पोचतात तेव्हा त्यांचा धाकटा वाट बघून खिडकीतच झोपलेला असतो. त्यांनी ठरवलंय, परीक्षा झाली की नोकरी सोडायची. घराजवळच्या दुकानात हिशेब लिहायचं काम बघून ठेवलंय.

मी विचारलं, ठमीला सांगत का नाही? तर म्हणाल्या, "आजी, खुर्च्या मांडताना बाईंचा चेहरा बघितला की तोंडच उघडत नाही हो."

तुला सांगू नका असंही म्हणाल्या. मी म्हटलं, माझ्या तोंडाचा भरवसा मी देत नाही. तरी बोलतच राहिल्या, म्हणजे काय ते तू समज. जेवून दोघी तिथेच चटईवर आडव्या झाल्या आणि थेट चहालाच उठल्या. दुपारचं व्याख्यान बुडालं. कशावर होतं ते दोघींनाही आठवेना.

ठमे, तुझी खोली शाळेच्या मागेच. तुला बस माहीत असायचं कारण नाही, म्हणून रागावत नाही. पण एक विचारते. शुक्रवारी शाळा रिकामी झाली की तुला कसं वाटतं गं? लहानपणी पाहुणे निघाले की तू त्यांच्या चपला लपवून ठेवायचीस. रडायची नाहीस, नुसत्या लपवायचीस.

बाकी ठीक. माया आहे ती असू दे, पत्राला उशीर करू नकोस.

तुझी आजी

शनिवार

ती. आजीस ठमीचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दोन दिवस तुझ्यावर फुगून होते, त्या दोघींवरही. मला सोडून सगळ्या शाळेला माहीत होतं, याचा राग जास्त.

काल खुर्च्या मांडल्याच नाहीत. घंटा झाली तशी शिक्षकांच्या खोलीत गेले आणि सगळ्यांना घरी जायला सांगितलं. कोणी हलेना. चित्रकलेच्या बाईंनी दबक्या आवाजात विचारलं, कोणी गेलं का. मी म्हटलं, बस जातेय. मग जी पळापळ झाली! खेळाचे सर बसच्या पायरीवर उभे राहिले, सगळे चढेपर्यंत त्यांनी गाडी हलू दिली नाही. गणिताच्या बाई शेवटी चढल्या. त्यांनी मागे वळून बघितलं, पण हात केला नाही.

जादा तासांचंही बदललंय. रोज एका शिक्षकाचा तास मी घेणार, म्हणजे त्या दिवशी तो वेळेवर सुटेल. गणिताच्या बाईंना नोकरीबद्दल विचारायचा धीर अजून झालेला नाही. त्या गेल्या तर मुलांचं नुकसान होईलच, पण मला त्यांचं हसूही ऐकायला मिळणार नाही. भिंतीपलीकडून ऐकू येतं ते.

बस गेल्यावर फाटक लावलं. व्हरांड्यात फक्त नळ ठिबकत होता. उभ्या उभ्याच जेवले. चपलांचं तू लिहिलंस ते खरं आहे. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

सुट्टीत यायचं मनात होतं, पण शाळेला रंग द्यायचा आहे आणि कोणीतरी थांबायला हवं. ते कोणीतरी म्हणजे मीच. तुझ्या हाताचं गरम जेवण, तुझी न संपणारी बडबड, सगळं डोळ्यांपुढे येतं. रागावू नकोस, आहे तसाच जीव लावत राहा.

तुझी ठमी

गुरुवार, सकाळ

चि. ठमाबाईस आजीचे नेहमीचे आणि वर थोडे जास्तीचे आशीर्वाद. वि. वि.

काल शेजारणीच्या फोनवर दोघी बोलल्या. मला फोनवर अर्धंच ऐकू येतं, म्हणून शेजारीण मध्ये बसून सांगत होती, आणि पदरचं घालत होती ते वेगळं. गणिताच्या बाई म्हणाल्या, शुक्रवारी त्या पोचल्या तेव्हा धाकटा जागा होता. दार त्यानेच उघडलं आणि आधी विचारलं, आज शाळा बंद पडली का? सांगताना इतक्या हसल्या की ते मात्र मला स्वतःला ऐकू आलं. दुकानदाराला त्यांनी नाही म्हणून कळवलंय. तू विचारायची वाट बघतायत. विचार की गं!

दुसरं म्हणजे, रंगकामाला थांबायच्या पाळ्या शिक्षकांनी आपापसात वाटून घेतल्यात. पहिली खेळाच्या सरांची. त्यात तुझी पाळी नाही. हे तुला शाळेच्या शेवटच्या दिवशी सांगायचं ठरलं होतं, पण तेवढे दिवस माझ्या पोटात राहायचं नाही.

इथली तुझी खोली मी अजून झाडलेली नाही. झाडली की तू आल्यासारखं वाटतं, आणि मग दिवसभर जिन्याकडे कान लागून राहतो. तू येशील त्या दिवशी सकाळी झाडीन. उशी तेवढी उन्हात टाकली, ती काही मोजायची नाही.

प्रशिक्षणाचा एक दिवस राहिलाय, त्यासाठी दोघी परत येणार आहेत, आणि उतरायला माझ्याकडेच. तुला बरोबर घेतल्याशिवाय गाडीत चढणार नाहीत, असं कबूल करून घेतलंय. लोभ आहेच, तो आता समोर बसून घे.

तुझी आजी

ता. क. सुट्टीतल्या पहिल्या बुधवारी येतो म्हणाल्यात.