खुंट्यांचा डबा

प्रिय बाबा,

मुळात मी दोऱ्या बांधत नाही. तुम्ही ताईजवळ म्हणालात म्हणे, "एवढ्या लांब जाऊन करतो काय, तर खेळण्यांना दोऱ्या बांधतो!" फार लागलं मला. पाच नोकऱ्या सोडल्या, कबूल. शाळा तर त्याच्याही आधी सोडली, तेही कबूल. पण इथे सात महिने टिकलोय, आणि काम काय आहे हे न विचारताच तुम्ही निकाल देऊन मोकळे. नेहमीसारखे.

तर आता ऐका. खेळाच्या सामानाच्या दुकानामागे एक खोली आहे, मोठ्या खिडकीची. नव्या रॅकेटी पुढे मशीनवर होतात. टेनिसच्या जुन्या लाकडी रॅकेटी मात्र इथे मागे येतात, काही तर तुमच्या वयाच्या, आणि त्या मालक स्वतः हाताने विणतात. बाबा, ते लाकूड तुम्ही बघायला हवं. पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून गोल वाकवलेल्या, आणि डोळे मिटून बोट फिरवलं तर सांधा सापडत नाही. कुठल्या हातांनी केलं असेल हे? त्यात जनावराच्या आतड्याची तात ओवतात. एकेका तातेला पंचवीस किलोचं पोतं टांगल्यासारखा ताण, आणि ते एवढंसं लाकूड पन्नास वर्षं हूं की चूं न करता तो सोसतं. मी पहिले दोन दिवस नुसता बघतच बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी माती खाल्ली. जुनी तात काढायची म्हणून एका कडेपासून कापत सुटलो. अर्ध्यावर रॅकेट कण्हली, खरंच कण्हली, तोंड वाकडं केलं आणि तडकली. मालक ओरडले नाहीत. म्हणाले, "इतकी वर्षं ओझं वाहिलंय तिने. एकाच बाजूने मोकळी केलीस तर मोडणारच, राजा. मधून सुरू कर. एक डावी, एक उजवी." ती तडकलेली रॅकेट त्यांनी माझ्या डोक्यावरच खिळ्याला टांगून ठेवलीय.

मागच्या महिन्यात मालकांचा खांदा आखडला आणि नेमकं तेव्हाच एक आजीबाई रॅकेट घेऊन आल्या. ऐंशीच्या असतील. मालकांनी ती सरळ माझ्यापुढे सरकवली. श्वास धरून जुनी तात मधून कापली, मग नवी ओवायला घेतली. तात ओढायची, सुटू नये म्हणून भोकात टोचा खुपसायचा, पुढची ओढायची. आणि दर वेळी माझा अंगठा आपोआप तातेवर नख मारायचा, कान खाली जायचा. सूर पडलेला वाटला की पुन्हा ओढायची. मालकांनी विचारलं, "हे कुठे शिकलास रे?" मी म्हणालो, "कुठे नाही, असंच."

आजीबाईंनी बाहेर भिंतीवर एक चेंडू मारला. काय आवाज आला, बाबा! भरलेल्या माठावर थाप मारावी तसा. त्यांनी रॅकेट कानाशी नेली आणि तशाच उभ्या राहिल्या. असं कान लावणारं माणूस मी आधी पाहिलं होतं. वेताची खुर्ची विणताना, भोकात लाकडी खुंटी ठोकून, ओल्या वेतावर नख मारून तुम्ही म्हणायचात, "ओढू नकोस भोवऱ्या, आधी ऐक." मी हातात खुंट्या देत, पाय हलवत, कधी एकदा सुटतोय याची वाट बघायचो. तेव्हा मी ऐकत होतो हे माझं मलाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मालकांना सांगून टाकलं, "असंच नाही, बाबांकडून." ते म्हणाले, लोखंडी टोच्याने तात चिरते, वापरून गुळगुळीत झालेल्या लाकडी खुंट्या मिळाल्या तर सोनं.

आता का लिहितोय ते. ताई सांगत होती, हात थरथरतात म्हणून तुम्ही खुंट्या-हत्यारांचा सगळा डबा भंगारवाल्याला द्यायला काढलाय, महिनाअखेरीस तो येणार आहे. टोचे, पकडी तो वितळवेल आणि खुंट्या चुलीत घालेल. सामान तुमचं, मर्जी तुमची. मी नुसता मागितला तर तुम्ही देणार नाही, एवढं तुम्हाला ओळखतो. मग विकाच, पण मला. त्याने आठशे चाळीस सांगितलेत ना? मी पाठवतोय आठशे एक्केचाळीस.

तुमचाच,
भोवरा