दाराशी मांडलेल्या वहाणा

बेळगाव, १४ जानेवारी १९३६

चि. रघुवीर यास आक्काचा आशीर्वाद.

आई कालपासून जेवलेली नाही, म्हणून हे लिहावे लागते. ताप वगैरे नाही, घाबरू नकोस. मुलांचा खोकला कसा आहे?

आप्पांच्या घराचे संग्रहालय स्मारक मंडळाने नीट ठेवले आहे. काल तिथल्या व्याख्यानाला आईला घेऊन गेले, गर्दीही चांगली होती. आप्पा नुकतेच कोर्टातून परतले आहेत अशी मांडणी आहे: खुंटीला पगडी, दाराशी वहाणा. लोकांनी वाहवा केली. आईने वहाणा पाहिल्या, देवघरातले कुंकू कपाळाला लावले आणि स्वयंपाकघरात पाट मांडला. आप्पांना जाऊन नऊ वर्षे झाली, हे ती पार विसरली आहे. त्यांच्याआधी ती कधी जेवली नाही. आताही घास घेत नाही, तिथून उठतही नव्हती.

मी खरे ते सांगितले. म्हणाली, "अभद्र बोलू नको गं. कॉलेजात हेच शिकलीस व्हय?"

मग मंडळाच्या चिटणिसांना सांगून वहाणा उचलायला लावल्या. आई म्हणाली, "बाहेर गेले वाटतं. येऊ देत, मग वाढते."

शेवटी मी खोटे बोलले. ते निपाणीला तुझ्याकडे गेलेत असे सांगितले, तेव्हा ती उठली. उद्या दुपारच्या मोटारीने तिला आणते. त्याआधी वहाणा तुझ्या ओसरीवर ठेव. आत आल्यावर ती त्यांना हाक मारील. तेव्हा काय करायचे, ते मला सुचलेले नाही.

कल्याणी

सकाळच्या मोटारीचे ड्रायव्हर मारुतीराव यांच्या हाती दिले: हे पत्र, आणि आप्पांच्या वहाणांचा एक जोड.