गुप्त ग्राहक ओळखण्याची पद्धत

३ मार्च, सोमवार. सकाळी

आजपासून रोजनिशी. खाडाखोड करायची नाही. पहिला संकल्प: गिऱ्हाईक कितीही डोकं खाऊ दे, आवाज चढवायचा नाही.

मॅनेजर साहेब म्हणाले, मोबाईल काउंटरला या महिन्यात इन्चार्ज नेमणार. उमेदवार दोनच. मी आणि हसरी. हसरी माझ्याच काउंटरच्या दुसऱ्या टोकाला उभी असते आणि गिऱ्हाईक काहीही बोललं तरी हसते. मला सगळे फोन तोंडपाठ आहेत. तिला कोणाच्या नातवाला दात आले ते तोंडपाठ. म्हणजे निकाल लागल्यात जमा.

निघताना आईने तिचा फोन पुढे केला. अक्षरं दिसत नाहीत रे, मोठी करून दे म्हणाली. एका मिनिटाचं काम. संध्याकाळी करतो म्हटलं.

३ मार्च, संध्याकाळ

आवाज चढला. पण कारण होतं.

एकाने नवा फोन परत आणला. तक्रार काय, तर गजर वाजतो पण जाग येत नाही. मी म्हटलं, वाजणं फोनचं काम, उठणं तुमचं. तो म्हणाला, जुन्या फोनने बरोबर जाग यायची. मग मी जरा मोठ्याने समजावलं. हसरीने मध्ये पडून गजराचा सूर बदलून दिला आणि तो खूश होऊन गेला. याला सेवा म्हणत नाहीत, लाड म्हणतात.

४ मार्च, मंगळवार

साहेबांनी फळ्यावर 'सुचना' लिहिलं होतं. मी आधी 'सू' दीर्घ केला, मग मजकूर वाचला. हेड ऑफिसकडून या महिन्यात गुप्त ग्राहक येणार. साधं गिऱ्हाईक बनून येणार, आपण कसे वागतो ते पाहणार आणि अहवाल पाठवणार. इन्चार्ज त्यावरूनच ठरणार.

हसरी म्हणाली, मग आता सगळ्यांशीच नीट वागायला हवं. किती भाबडी! सगळ्यांशी नीट वागत बसलं तर माणसाचं काय उरेल? त्यापेक्षा गुप्त ग्राहक ओळखायचा आणि फक्त त्याच्याशी नीट वागायचं. यालाच नियोजन म्हणतात.

६ मार्च, गुरुवार

नवरा-बायको आले. त्याला निळा हवा, तिला हिरवा. तासभर तेच. शेवटी मी म्हटलं, कोणताही घ्या, कव्हर घातलं की दोन्ही सारखेच दिसतात. यात काय चुकलं? दोघंही माझ्यावरच उखडले आणि एकमेकांचा हात धरून निघून गेले. हसरी म्हणाली, चला, तू त्यांचं भांडण तरी मिटवलंस.

मग एकजण पासवर्ड विसरून आला. मलाच विचारतो, काय ठेवला असेल हो मी?

नंतर एका फोनला काच चिकटवली. मधोमध बुडबुडा. काढून परत चिकटवली. दोन बुडबुडे. गिऱ्हाइकाला सांगितलं, आपोआप जातील. मलाही तशी आशा आहे.

आईच्या फोनचं राहिलं. घरी आल्यावर फोनकडे बघवत नाही.

८ मार्च, शनिवार. दुपारी

सापडला!

वय साठीचं. एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा गळ्यात. साधं गिऱ्हाईक आल्या आल्या कमी किती करणार विचारतं. या काकांनी भावाची गोष्टच काढली नाही. प्रत्येक फोनची बॅटरी, कॅमेरा, वॉरंटी नीट विचारून घेतली. तोच प्रश्न पुन्हा विचारला, म्हणजे माझा संयम तपासला. आणि मुख्य म्हणजे, आपल्या जुन्या फोनवर सगळ्या फोनच्या किमतीच्या पाट्यांचे फोटो काढले. पाट्यांचे फोटो तपासणी अधिकाऱ्याशिवाय कोण काढतं?

मी त्यांना बसायला माझं स्टूल दिलं. काहीही न घेता गेले. अर्थातच. ते घ्यायला आलेच नव्हते.

हसरीला सांगितलं नाही. स्पर्धा आहे.

११ मार्च, मंगळवार

काका पुन्हा आले. त्यांना एका महागड्या फोनमधलं सगळं उलगडून दाखवत होतो, तर मध्येच एक छत्रीवाली बाई. बाहेर कडक ऊन आणि हातात ओली छत्री. तिला तिच्या जुन्या फोनचं कव्हर हवं होतं. मी म्हटलं, बाई, हा फोन आता संग्रहालयात ठेवा, तिथे कव्हर लागत नाही. काका हसले. म्हणजे विनोदाचेही गुण मिळाले. बाई थोडा वेळ उभी राहिली. मी तिला हातानेच थांबा म्हटलं. नंतर पाहिलं तर गेली होती. बरं झालं, गर्दी कमी.

१३ मार्च, गुरुवार

आईने पुन्हा आठवण केली. म्हणाली, दुकानात दिवसभर लोकांचे फोन नीट करतोस, घरचा एक होईना? मी तिला समजावलं की सध्या माझं सगळं लक्ष एका मोठ्या कामात आहे. म्हणाली, बरं बाबा, मी मावशीला विचारते. मावशीला स्वतःचा फोन उघडता येत नाही. विचारू दे.

१५ मार्च, शनिवार

काका तिसऱ्यांदा! आज त्यांनी जुना फोन पुढे केला, अक्षरं बारीक दिसतात म्हणाले. कसली परीक्षा घेतात ही माणसं! मी तत्काळ मोठी करून दिली. त्यांनी पाठीवर थाप मारली. म्हणाले, पोरा, तुझ्यासारखं समजावून सांगणारा या बाजारात कोणी नाही.

आता राहिलंच काय? अगदी राहवेना. तिथल्या तिथे आईला मेसेज केला: मी काउंटर इन्चार्ज झालो. दोन-चार दिवस आधी कळवलं एवढंच. खोटं नाही, लवकर आहे.

घरी गेलो तर आई काहीच बोलली नाही. तिने वाचलाच नव्हता. अक्षरं दिसत नाहीत ना. मीही बोललो नाही. नेमणुकीचं पत्र हातात पडलं की एकदमच सांगीन.

१९ मार्च, बुधवार. संध्याकाळी

अहवाल आला. साहेबांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला.

'जुन्या फोनचं कव्हर मागितलं असता विक्रेत्याने फोन संग्रहालयात ठेवण्यास सांगितलं. नंतर हाताने थांबण्याची खूण केली व पुन्हा पाहिलं नाही. काउंटरच्या दुसऱ्या टोकाच्या मुलीने स्वतःहून जवळ येऊन चौकशी केली, कव्हर मागवून घेण्याची तयारी दाखवली व ओली छत्री ठेवायला पिशवी दिली.'

साहेबांनी विचारलं, संग्रहालय कोण म्हणालं? मी छताकडे पाहिलं. बाकी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

ओली छत्री! भर उन्हात! यालाच तर वेषांतर म्हणतात. इतकं उघड असेल असं कोणाला वाटेल? चूक माझी नाही, मी फार खोलात गेलो.

हसरी इन्चार्ज. मला मागच्या टेबलावर टाकलंय, काचा चिकटवायला. साहेब म्हणाले, तिथे बोलावं लागत नाही. हसरीने जाताना हळूच सांगितलं, वाईट वाटून घेऊ नकोस. हसून नाही सांगितलं. तेच जास्त लागलं.

एक बरं आहे. आईने मेसेज वाचलेला नाही. उद्या तिचा फोन हातात घेईन, मेसेज काढून टाकीन, मग अक्षरं मोठी करून देईन. याच क्रमाने.

२० मार्च, गुरुवार

आई फोन घेऊन देवळापलीकडे

२२ मार्च, शनिवार

वरची ओळ अर्धी राहिली, साहेबांची हाक आली होती. आणि आई देवळापलीकडे गेलीच नव्हती, मावशीकडे राहायला गेली होती, फोनसकट. चुकीची नोंद. खाडाखोड करायची नाही म्हणून तशीच ठेवतो.

आज चष्मेवाले काका आले. थेट मागच्या टेबलाशी. हातात नवा कोरा फोन, मी त्या दिवशी उलगडून दाखवलेलाच. समोरच्या दुकानातून घेतला. म्हणाले, किमतीचे फोटो दाखवले, त्यांनी लगेच भाव कमी केला. पण काच तूच लाव, तिथल्या मुलांना तुझ्याएवढं कळत नाही. आणि जुन्यातलं सगळं नव्यात घालून दे, घाई नाही, मी बसतो.

बसायला स्टूल मागितलं. दिलं.

काच लावली. आयुष्यात पहिल्यांदा एकही बुडबुडा आला नाही. दाखवायला आजूबाजूला कोणीच नव्हतं. काकांनी दोन्ही चष्मे लावून पाहिलं आणि म्हणाले, ठीक आहे.

२३ मार्च, रविवार. सकाळी

उशिरा उठलो. आज नक्की आईच्या फोनचं काम करायचं, म्हणून स्वयंपाकघरात गेलो. मावशी आणि तिचे यजमान येऊन बसलेले. मावशीने उठून माझ्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, आम्हाला कळवायचं नाही होय रे? आता आम्ही फोन घेणार तर तुझ्याच काउंटरवरून, उद्याच येतो.

आई म्हणाली, काल बाजारात गेले होते, तर तुमच्या समोरच्या दुकानातल्या मुलाने करून दिलं. मिनिटभरही लागलं नाही. बसायला खुर्ची दिली, आई म्हणून हाक मारली. मग जुने मेसेज वाचत बसले.

फोन ओट्यावर ठेवला होता. अक्षरं इतकी मोठी केली आहेत की मला 'इन्चार्ज' दारातूनच वाचता आलं.

शुद्धलेखन बरोबर होतं.