उतरताना तोंड भिंतीकडे

९ जानेवारी

वैताग! खिडकीच्या चौकटीला मीच दिलेला हिरवा रंग बघून बघून डोळे विटले. दोन ठिकाणी ओघळ आलाय. तो दुरुस्त करायचा तर शिडी लावायला हवी, आणि शिडीचं नाव काढलं की ही डोळे वटारते.

शिडीवरून पडलो तेव्हा बांधलेला गुडघ्याचा पट्टा आज निघाला. फिजिओ बाई म्हणाल्या, आता चालायला लागा. सपाट जागी, थोडं थोडं. गावाबाहेर एवढं वाळवंट पडलंय, तिकडे जा. मी विचारलं, शिडी कधी? त्यांनी नुसता पाय उचलायला लावला.

मार्चमध्ये शाळेचं रंगकाम. बाहेरून, तीन मजली. वरचं काम माझं, खालचं धाकट्याचं — आम्हा भावांचं हे पहिल्यापासून ठरलेलं. मी चढलो नाही तर काम दुसऱ्याच्या घशात. ते गेलं तरी एक वेळ चालेल, पण मी करू काय? शिडीवर नसलेला रंगारी म्हणजे नुसता डागाळलेल्या कपड्यातला माणूस!

१० जानेवारी

आई म्हणते, मी येते तुझ्याबरोबर. आई! जन्मभर दारोदार टपाल वाटलं, निवृत्त झाली तरी पाय अजून ड्यूटीवरच. रोज सकाळी वाळवंटात फेरी मारून येते. चाळिशी उलटलेल्या घोड्याला आता आई फिरायला नेणार. धाकटा हसून हसून लोळायचा बाकी होता.

१२ जानेवारी

मिठाच्या मैदानावर गेलो. ऊन तापायच्या आत परतायचं, हा आईचा कायदा. पाण्याची बाटली माझ्या गळ्यात, शाळेतल्या पोरासारखी. जमीन पांढरी, टणक, जिकडेतिकडे सपाट. बघायला काही म्हणजे काही नाही!

काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरली होती. आईने ती काढून माझ्या दुसऱ्या हातात दिली. चालणं एकदम हलकं झालं. मग मी घरी येईपर्यंत तिच्याशी बोललो नाही.

१५ जानेवारी

तेच मैदान. तीच आई.

१९ जानेवारी

अक्कल गहाण ठेवली होती आज. आईला बाजारात जायचं होतं, म्हणून एकटाच निघालो. मैदानाचा कंटाळा आलेला. पलीकडे वाळूची टेकाडं दिसली. म्हटलं, मऊ वाळू, गुडघ्याला गादीच की! कसली गादी? पाऊल रुतायचं, उपसायचं, पुन्हा रुतायचं, आणि प्रत्येक वेळी गुडघा भलतीकडेच वळायचा. घरी पोचलो तोवर फुगून टम्म. हिने बर्फाची पिशवी समोर आपटली आणि आत गेली. चार शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं.

२० जानेवारी

फिजिओ बाईंनी झाप झाप झापलं. मऊ वाळूत सांध्याला आधार कुठला? कडक जमीन सोडायची नाही! आठवडाभर चालणं बंद.

२३ जानेवारी

छताचे पोपडे बघत पडलोय. धाकटा येऊन गेला. एका दवाखान्याच्या आतल्या खोल्या घेतल्यात त्याने. शाळेवाले विचारत होते म्हणे, तुझा दादा येतोय ना? याने सांगून टाकलं, येतोय. परस्पर! मी भडकलो. मग वाटलं, तो बिचारा दुसरं काय सांगणार? त्याला उंचावर जायचं म्हटलं की घाम फुटतो. कबूल करत नाही, पण लहानपणापासून बघतोय मी. मलाच उभं राहायला हवं. लवकर!

४ फेब्रुवारी

कोरड्या नदीच्या पात्रातून चाललो. खाली घट्ट बारीक खडी, दोन्हीकडे मातीचे काठ. आज मी पुढे, आई मागे. ती म्हणाली, जरा दमाने, नदी पळून चालली नाहीये. दम कुठून आणू? परत फिरायच्या जागेवरून मी अजून थोडा पुढे गेलो. ती सावलीत बसून राहिली.

११ फेब्रुवारी

काठी घरी ठेवून गेलो. काही झालं नाही. कुणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून पानवाल्याला नाही तर न्हाव्याला सांगणार होतो. दोघंही गिऱ्हाइकात. शेवटी हिला सांगितलं. म्हणाली, दिसतंय की मला.

१८ फेब्रुवारी

टेकडी! खडकाळ आहे, पण लहान. शाळेच्या गच्चीएवढी असेल. बाईंनी परवानगी दिली होती. चढताना काही वाटलं नाही, आईच्या आधी वर पोचलो.

वर आई वारा खात कडेला जाऊन उभी राहिली. मी तिच्यावर केवढ्यांदा ओरडलो — मागे हो! ती म्हणाली, "अरे, इथे पडण्यासारखं काय आहे?" मग मी खाली पाहिलं आणि पाय जागचे हलेनात. बाईंनी बजावलंच होतं, चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो. तेच असणार.

आई उतरून खाली जाऊन थांबली. मी आपला वरच. शेवटी सुचलं — शिडीवरून आपण कसे उतरतो? तोंड भिंतीकडे! पाठ फिरवली, खडकाला दोन्ही हात लावले आणि उलटा उलटा खाली आलो. आई हसून बेजार. मीसुद्धा हसलो. तिने विचारलं, गुडघा दुखला का? आठवेना. दुखला असणार.

२६ फेब्रुवारी

बाईंनी पाय वाकवला, ताणला, मला जिना चढउतार करायला लावला. मग म्हणाल्या, "गुडघा उत्तम आहे. चढा शिडी."

घरी जवळजवळ पळतच आलो! ब्रश धुतले. दोरखंड तपासला. धाकट्याला निरोप पाठवला. तो लगेच आला, मला मिठीच मारली वेड्याने. एवढा सुटल्यासारखा चेहरा त्याचा बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. रात्री जेवण गेलं नाही. आनंदाने, असं हिला सांगितलं.

३ मार्च

शाळेला शिडी लावली. दुसऱ्याच पायरीवर हात दांड्याला चिकटले, ते सुटेचनात. खाली आलो. धाकट्याने विचारलं, "गुडघा का रे, दादा?" मी म्हटलं, "हो. गुडघा." तो थोडा वेळ वर बघत राहिला, मग रंगाचा डबा घेऊन चढला. शिडी मी धरली.

गुडघा अजिबात दुखत नव्हता.