एका मिनिटाचे चार उतारे

ता. ४ ऑगस्ट

ती. ताईस,
भिंगरीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझ्याकडचे चार दिवस मजेत गेले. भावोजींना सांग, त्यांनी शिवून दिलेला बॅगेचा पट्टा अजून टिकलाय, मी उगीच शंका घेतली. इथे आल्यापासून मात्र माझं मन थाऱ्यावर नाही. एकच कपाट दोनदा आवरलं. तेव्हा आडवळणं न घेता लिहिते.

माझं काम तुला ठाऊक आहे. सहा शाळांमध्ये जाऊन वर्गात मागे बसायचं, मुलं वाचताना कुठे अडतात ते बघायचं आणि शिक्षिकांना मदत करायची. आधी अक्षराचा आवाज पक्का करायचा, मग आवाज जोडून शब्द, ही पद्धत हजारो मुलांवर पडताळून पाहिलेली आहे. एका मिनिटाच्या चाचणीत ज्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं कमी पडतात, त्या वर्गाला वर्षभर रोज अर्धा तास जादा शिक्षिका मिळते. तुमच्या शाळेच्या वाट्याला यंदा ती एकच आहे. तुझ्या दुसरीतली एकतीसच्या एकतीस मुलं पार झाली, म्हणजे ती तुला मिळणार नाही.

पण शिंपीणबाईंची ती मुलगी, तुझी चिमणी, घडाघडा वाचत होती. मध्येच हातातलं उताऱ्याचं कार्ड पडलं. तिनं ते उलटं उचललं आणि तसंच पुढे वाचत राहिली, एकदाही अडखळली नाही. मी हसले आणि आकडा लिहून टाकला. आता तो आकडा मला स्वस्थ बसू देत नाही. ताई, मुलांनी चाचणीचे ते चार उतारे आधी पाहिले होते का? वीस तारखेला निकाल कार्यालयात द्यायचाय.

तुझी माया आहेच, या पत्रामुळे ती आटू देऊ नकोस.
तुझी,
भिंगरी


ता. ९ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचता वाचता भाजी करपली. तुझ्या वेण्या घालण्यात मला शाळेला उशीर व्हायचा, आणि आज तू माझ्या वर्गाची झडती घेतेस. घे बापडी, पण सव्वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला असं विचारतात का गं?

चिमणीची स्मरणशक्ती दांडगी आहे. एकदा कानावर पडलं की बसलंच डोक्यात. तिच्या आईला लिहितावाचता येत नाही, गिऱ्हाइकांची मापं ती शेजारणीकडून वहीत लिहून घेते. परवा फाटकाशी थांबून सांगत होती की आता लेकच वाचून दाखवेल, कुणाच्या दारात जायला नको. तिचा चेहरा बघितला असतास तर असलं पत्र लिहायला तुझा हात धजावला नसता.

आणि गेल्या वर्षी शेजारच्या वर्गाचा निकाल वाईट लागला, तेव्हा स्टाफरूममध्ये त्या बाईंना कसं कोपऱ्यात बसवलं ते मी पाहिलंय. माझं तर मुख्याध्यापिकांनी परवा सगळ्यांसमोर कौतुक केलं. तुझे भावोजी म्हणतात की मी दोन दिवस घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय. त्यांना म्हटलं, गुडघ्यांना बरं असतं.

निकाल आहे तसा पाठवून दे.

आशीर्वाद आहेतच. राग उतरला की आणखी पाठवीन.
ताई


ता. १२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

राग पोचला, आशीर्वादही पोचले. दोन्ही जपून ठेवलेत.

आधी माझी चूक सांगते. त्या रविवारी कार्डांची बॅग तुझ्या जेवणाच्या टेबलावर उघडी टाकून मी अंघोळीला गेले. ती कायम कुलपात ठेवायची असते. हे कार्यालयात सांगायची वेळ आली तर माझी धडगत नाही, म्हणून मीही अजून तोंड उघडलेलं नाही. तेव्हा मी काही साळसूद नाही.

तुला आठवतं का, शाळेत मी ढ होते? अंदाजानं शब्द ठोकून द्यायची. तू शेजारी बसून बोटानं अख्खा शब्द झाकायचीस आणि एकेक अक्षर उघडं करायचीस. आवाज काढल्याशिवाय बोट पुढे सरकत नसे. मी रडकुंडीला यायची, पण वाचायला लागले. आज मी शिक्षिकांना जे शिकवते ते जवळपास तेच आहे. एकतीस मुलांपुढे एका बाईचं बोट पुरत नाही, हे मला कळतं. जादा शिक्षिका त्यासाठीच तर असते.

एक कर. चिमणीला तिनं कधी न पाहिलेलं वाक्य लिहून दे. मग तू सांगशील तोच निकाल पाठवीन.

लोभ धर, निदान वीस तारखेपर्यंत.
तुझी,
भिंगरी


ता. १६ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तू अंघोळीला गेलीस तेव्हा मी ते चारही उतारे वहीत उतरवून घेतले. दोन दिवस वर्गाकडून एका सुरात म्हणून घेतले. मुलांना वाटलं कविता आहेत. लिहायलाही लाज वाटते, पण लिहिते.

परवा चिमणीला थांबवून फळ्यावर लिहिलं, 'माझा बूट ओला आहे.' ती फळ्याकडे बघेचना. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी ओठ कधी हलवते म्हणून. मग हळूच म्हणाली की बाई, तुम्ही एकदा म्हणा, मग मला येईल. भिंगरे, अशा किती मुलांना मी पुढच्या वर्गात ढकललं असेल गं?

तशीच मुख्याध्यापिकांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की झालं ते झालं, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू. मी म्हटलं की पुढच्या वर्षी ती पोर तिसरीत असेल आणि तिथे तिच्यासाठी कुणी थांबणार नाही. फाटकाशी तिची आई उभी होती. तिलाही सांगितलं. तिनं लेकीचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि गेली.

नवी कार्डं घेऊन ये. माझा निकाल फाड.

अजून आपली मानत असशील तर तेवढंच पुरे.
ताई


ता. २४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नव्या कार्डांवर एकतीसपैकी बावीस मुलं कमी पडली. चिमणीचे मिनिटात तीन शब्द. जादा शिक्षिका सोमवारपासून तुझ्याकडे येतेय, तिच्याबरोबर तूही गट घ्यायचास. मला बॅगेबद्दल लेखी ताकीद मिळाली, ती मी निमूट घेतली. स्टाफरूममध्ये तुझ्याशी कोण कसं वागतं ते कळव. इथे राहून राहून तेच माझ्या डोळ्यांपुढे येतं.

माया कमी पडली तर इथून पाठवते.
तुझी,
भिंगरी


ता. ११ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, या वेळी काहीही हातचं न राखता.

स्टाफरूममध्ये कोपरा मलाच मिळालाय. वारा चांगला येतो. शेजारच्या वर्गाच्या बाई मात्र डबा घेऊन तिथेच येऊन बसतात. मागच्या वर्षी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले नव्हते, हे त्यांनी एकदाही काढलं नाही. मला घास जड जातो.

जादा शिक्षिका माझ्या लेकीच्या वयाची आहे आणि माझ्या चुका काढते. मी घाई करते, मुलानं तोंड उघडायच्या आत शब्द सांगून मोकळी होते, असं तिचं म्हणणं. खरंय ते. सव्वीस वर्षांची खोड आहे, रोज तोंडावर हात ठेवून बसते.

आज चिमणीची चाचणी होती. नवा उतारा, मिनिटभर. नऊ शब्द झाले आणि दहाव्याला अडकली. बोट अक्षराखाली, ओठ हलताहेत, आवाज जुळेना. तोंडावरचा हात कधी खाली आला कळलंच नाही, मी तोंड उघडलं. तिनं मान वरसुद्धा केली नाही. बोट होतं तिथेच ठेवून म्हणाली की बाई, तुम्ही सांगू नका, मी वाचतेय.

मिनिट संपलं तरी मी गप्प बसून होते, आणि ती वाचत होती.

तुझ्यावरचा जीव होता तसाच आहे. सवड काढून ये.
तुझी,
ताई