लोडाची फिजिओथेरपी

८ जानेवारी २००८, मंगळवार

पाच महिन्यांच्या बाळाला मारल्याचा आरोप! नोकरीतला पहिलाच.

वारज्याची नवी केस. शंभू. छातीतल्या बारीक नळ्यांना सूज, घरघर, खोकला. मुलांच्या डॉक्टरांनीच पाठवलं — घरी जाऊन छातीची फिजिओथेरपी द्या म्हणून. मांडीवर घेतलं, हाताचा खोलगट पंजा केला आणि पाठीवर थापटायला लागले. चौथ्या थापेला आजीनं, मालनबाईंनी, माझं मनगट धरलं. "पोट्ट्याले मारून राहिली का वं बाई?" अकोल्याच्या आहेत. पकड जबरदस्त.

आजोबा मात्र खूश. रावसाहेब, बांधकाम खात्यातून निवृत्त. उभा जन्म भिंतींवर टकटक करून गिलावा कुठे सुटलाय ते सांगण्यात गेला. डोळे मिटून माझ्या थापा ऐकल्या आणि निकाल दिला, "आवाज पोकळ येतोय, मॅडम. काम चालू ठेवा."

शंभू रडून लालबुंद. पोटातलं सगळं दूध बाहेर. घरी आल्यावरही हात धुवावेसे वाटत होते.

९ जानेवारी

डॉक्टरांचा फोन. "पूर्णिमा, ते थापटणं बंद कर. इतक्या लहान बाळांना या आजारात त्याचा उपयोग नाही, असंच दिसून आलंय. उगाच दमतात. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, थोडं थोडं दूध, आराम. आणि श्वास मोज."

हे कालच सांगितलं असतं तर!

रावसाहेबांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "काही हरकत नाही. वाघोलीला मच्छिंद्र आहे. व्यायामशाळेत मालिश करतो. पोरांना पाय धरून उलटं टांगतो, दोन मिनिटांत छाती मोकळी!"

"उद्या अकरा वाजता येते," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

१० जानेवारी

आज मी वीस मिनिटं एका लोडावर उपचार केले.

खोलीचं दार लोटून घेतलं — "बाळ बिचकतं हो." शंभूच्या नाकात थेंब घातले, छातीकडून जरा उंच निजवलं, श्वास मोजले. मिनिटाला सेहेचाळीस. तो झोपला. मग दिवाणावरचा लोड मांडीवर आडवा घेतला आणि थापटला. दहा वर्षांची धूळ निघाली. मलाच खोकला!

बाहेर फोन स्पीकरवर. शंभूचा बाप, शुभंकर, हिंजवडीच्या ऑफिसातून ऐकत होता. "आवाज क्लिअर आहे. प्रोग्रेस किती टक्के?" रावसाहेब ओरडले, "परवापेक्षा भरीव!"

शंभूची आई, अपेक्षा, सोफ्यावर गाढ. म्हणे या वीस मिनिटांतच तिला झोप लागते. मग अजून पाच मिनिटं थापटलं.

काळजी एकच. दाराच्या फटीत मालनबाईंच्या लुगड्याचा काठ. बाई बाहेर दाराला पाठ लावून बसली आहे. कान देऊन.

डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं.  ते म्हणाले, "लोडाला दुखत नाही ना? पण श्वास साठच्या पुढे गेला, बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, दूध पिणं सोडलं, तर थेट हॉस्पिटल. आणि त्यांनाही हे सांगून ठेव."

११ जानेवारी

श्वास चोपन्न. दूध निम्मंच. सगळ्यांना बजावून सांगितलं — वाढलं तर ॲडमिट. अपेक्षाचा चेहरा उतरला. रावसाहेब म्हणाले, "पण आवाज किती भरीव झालाय!"

थापटत असताना बाहेर ते म्हणाले, "जरा आत जाऊन पाहणी करतो."  मालनबाई म्हणाल्या, "बसा तिकडे गुमान." मला रंगेहाथ पकडायचा मान बाईला स्वतःलाच हवा असणार.

१२ जानेवारी

अडुसष्ट. दोनदा मोजले. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा. सकाळपासून दूध नाही.

दार उघडून सांगितलं, "हॉस्पिटल. आत्ता."

रावसाहेब म्हणाले, "घाई नको. दोन फेऱ्या जादा मारा." स्पीकरवरून शुभंकर, "मॅडम, आपण ड्युरेशन डबल करू या का?" माझ्या खोट्या आवाजावर या माणसांचा एवढा विश्वास! आणि तोच आता पोराच्या वाटेत आडवा. मला रडू फुटलं.

"मी दोन दिवस लोड थापटतेय!" मी ओरडले. "शंभूला हात लावलेला नाही!"

  रावसाहेब म्हणाले, "मग आवाज भरीव कसा आला?"

"कापूस भरलाय त्यात, रावसाहेब!"

ते आत गेले आणि लोडावर बोटांनी टकटक करून बघायला लागले. अपेक्षानं तोवर शंभूला उचललं होतं. मालनबाईंच्या काखेत पिशवी — दुपटी, टोपडं, डॉक्टरांचे कागद. पायांत चपलाही. "चाल," एवढंच म्हणाल्या.

रिक्षानं कर्वे रस्त्यावरच्या हॉस्पिटलात. ऑक्सिजन लावला. मी बाकावर बसले.  नळीमागे शंभूचं नाक एवढंसं दिसत होतं. माझ्यामुळे अर्धा तास जरी उशीर झाला असता तर — पुढचं लिहवत नाही.

१४ जानेवारी

ऑक्सिजन कमी केला. शंभू दूध प्यायला! डॉक्टर म्हणाले, थापटलं असतंस तरी हेच झालं असतं. पटतं. झोप लागत नाही.

१५ जानेवारी, संक्रांत

शुभंकरचा मेसेज. तिळगुळाचा नाही. "Pls explain लोड."

१७ जानेवारी

शंभू घरी आला. माफी मागायला गेले होते. रावसाहेब उठून आत गेले. मालनबाईंनी हातावर तिळगूळ ठेवला.

मी म्हटलं, "मी फसवलं तुम्हाला. कधी ना कधी पकडाल म्हणून दाराकडे बघत थापटायचे."

"पाच लेकरं वाढवली म्या. लेकराची पाठ अन् लोड मले समजत नाही का? पयल्याच दिवशी समजलं."

"मग दाराशी का बसायचात?"

"यायनं," रावसाहेब गेले त्या खोलीकडे त्यांनी बोट दाखवलं, "आत येऊ नये म्हणून."