आधी नवा नियम, मग जुना

लातूर, गुरुवार संध्याकाळ

सर्व्हरमध्ये कुणाला येऊ द्यायचं, ते सुरक्षेचे नियम बदलणाऱ्या आमच्या संगणकावरच्या कमांडची माहिती आज पुन्हा लिहिली. जुन्या माहितीत आधी जुना नियम काढायचा, मग नवा लावायचा, असं होतं. मधल्या वेळात सगळेच बाहेर अडकतील, काढणारासुद्धा. मी क्रम उलटा केला. सर म्हणाले, "एवढं कोण वाचतं?" मी वाचायचे ना, नवी असताना, घाबरत.

लोह्याला, आमच्या शेतात पाणी देताना बाबा ओरडायचे, "पोरी, आधी म्होरला वाफा फोड, मंग मागला बुजव. न्हाई तर पाणी बांध फोडंल." आता तिथे ठिबक आहे. चिखलात तसं कुणी उभं राहत नाही.

बाबा कारण सांगायचे, म्हणून तर क्रम लक्षात राहिला. मीही माहितीत कारणाची एक ओळ घातली. सर खोडतील का? भीती वाटते. पण खोडली, तर का खोडली, हे विचारीन.